मुलीसाठी मुस्लिम नाव निवडताना अर्थाची खात्री कशी करावी?

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

सर्वांना सलाम आणि नमस्कार. गेल्या शनिवारी आमच्या घरी मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप आहेत. बाळाच्या कानात अजान देऊन झाली आहे. अकिका, म्हणजे बाळासाठी द्यायची बकऱ्याची कुर्बानी, येत्या शुक्रवारी, म्हणजे सातव्या दिवशी करायचा आहे आणि नावही त्याच दिवशी जाहीर करावे असे घरात ठरले आहे. अडचण अशी की नाव काय ठेवावे यावर एकमत होत नाही. हातात थोडेच दिवस उरले असल्यामुळे जाणकारांचे मत मागतो आहे.

माझ्या धाकट्या बहिणीने, म्हणजे बाळाच्या फुफीने, मोबाईलवरून नावांची एक लांबलचक यादी उतरवून आणली आहे. तिच्यात अनाया, लायबा, अलीशबा, झोया, हूरैन अशी नावे असून प्रत्येकापुढे 'जन्नतचे फूल', 'अल्लाहची देणगी', 'स्वर्गातील परी' असे काहीतरी गोड लिहिलेले आहे. मी सहज पडताळून पाहिले, तर एकाच नावाला एका ठिकाणी 'चांदणी', दुसऱ्या ठिकाणी 'राजकन्या' आणि तिसऱ्या ठिकाणी 'मौल्यवान' असे तीन अर्थ दिलेले आढळले. तेव्हापासून त्या यादीवरचा माझा विश्वास उडाला आहे. पत्नीच्या मनात 'मरवा' हे नाव आहे, कारण इब्राहिम अलैहिस्सलाम यांच्या पत्नी हाजिरांनी पाण्यासाठी ज्या दोन टेकड्यांमध्ये धाव घेतली त्यांपैकी एकीचे ते नाव. अम्मीची इच्छा अगदी वेगळी आहे. तिच्या सासूचे, म्हणजे माझ्या दादीचे, 'जैतून' (म्हणजे ऑलिव्ह) हे नाव घरात पुन्हा यावे असे तिला वाटते. ते नाव काढले की घरातील तरुण मंडळी हसतात, आणि अम्मी पुढे काही बोलत नाही, पण विषय सोडतही नाही.

माझे स्वतःचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. मदरशात कुराण वाचायला शिकलो, त्यामुळे अक्षरे ओळखता येतात, परंतु अरबीचा अर्थ समजत नाही. म्हणून पुढील गोष्टींविषयी मार्गदर्शन व्हावे. नावाच्या अर्थाची खात्री नेमकी कशी करून घ्यावी? नाव अरबीच असले पाहिजे असा काही दंडक आहे काय? आमचे शेजारपाजार आणि मुलीची होणारी शाळा मराठी आहे, तेव्हा तेथे सहज उच्चारता येईल असे नाव घेणे हा विचार गौण मानावा की महत्त्वाचा? आणि जन्मनोंदणीच्या वेळी काय काळजी घ्यावी, हेही कोणी अनुभवाने सांगितले तर उपकार होतील.

निवृत्त उर्दू शिक्षक (कागल)

मुलगी झाली, मुबारक. अल्लाह तिला दीर्घायुष्य देवो.

अर्थाची खात्री करण्यासाठी पहिली पायरी अशी की कोणत्याही नावाचा अर्थ विचारण्यापूर्वी ते अरबी किंवा उर्दू लिपीत कसे लिहितात हे विचारावे. जी यादी हे दाखवत नाही ती बाजूला ठेवावी. देवनागरीत आणि रोमन लिपीत अरबीची कितीतरी वेगवेगळी अक्षरे एकाच अक्षरात जमा होतात. सीन, स्वाद आणि से या तिघांचा आपण एकच 'स' करतो, ऐन आणि अलिफ या दोघांचा 'अ' करतो, मोठा काफ आणि छोटा काफ यांचा 'क' करतो. अरबीत मात्र अक्षर बदलले की शब्दच बदलतो. 'अलीम' हे नाव ऐनने लिहिले तर 'सर्व जाणणारा' आणि अलिफने लिहिले तर 'वेदना देणारा'. कुराणात नरकातील यातनेसाठी जो शब्द वारंवार येतो तो हा दुसरा. देवनागरीत दोन्ही अक्षरशः सारखे दिसतात, आणि यादी करणाऱ्याने कोणता धरला हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

मुलींच्या नावांत याचे ठळक उदाहरण 'आसिया' हे आहे. फिरऔनची, म्हणजे इजिप्तच्या राजाची, श्रद्धावान पत्नी आसिया, जिने मूसा अलैहिस्सलाम यांना वाढवले, तिचे नाव अलिफ आणि सीन यांनी लिहितात आणि ते अत्यंत आदराचे नाव आहे. ऐन आणि स्वाद यांनी लिहिलेली 'आसिया' म्हणजे आज्ञा मोडणारी. हजरत उमर यांच्या एका मुलीचे हेच दुसरे नाव होते, ते प्रेषितांनी बदलून 'जमीला' ठेवले, असे सहीह मुस्लिम या हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या वचन-कृतींच्या, संग्रहात आले आहे. म्हणजे कोणी आपल्या मुलीचे नाव आसिया ठेवले तर आक्षेप घेण्याआधी अक्षरे पाहावी लागतात.

दुसरी पायरी धातूची. बहुतेक अरबी शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून होतात आणि धातू सापडला की अर्थाची दिशा सापडते. 'ह-म-द' म्हणजे स्तुती. त्यापासून हामिद म्हणजे स्तुती करणारा, हमीद आणि महमूद म्हणजे स्तुतीस पात्र, आणि अहमद व मुहम्मद ही नावेही त्याच धातूची. मुलींसाठी हामिदा आणि हमीदा. उर्दूचा कोणताही चांगला शब्दकोश यासाठी पुरतो, आणि शब्दकोश हाताशी नसेल तर आपल्या मशिदीतील इमामसाहेबांकडे चिठ्ठीवर अक्षरे लिहून न्यावीत. तोंडी विचारू नये, कारण तोंडी विचारले की पुन्हा तोच गोंधळ होतो.

आता आपल्या यादीकडे वळतो. 'अनाया' असे जे लिहिले जाते ते मुळात 'इनाया' आहे, ऐनने सुरू होणारे, अर्थ काळजी किंवा कृपादृष्टी. आपल्याकडील 'इनायत' तेच. तेव्हा ठेवायचे असेल तर इनाया ठेवावे. संस्कृतात 'अनय' म्हणजे अनीती, आणि मराठी शाळेत एखाद्या चोखंदळ शिक्षकाला ते आठवल्याशिवाय राहणार नाही. 'लायबा'ला सगळीकडे जन्नतची परी म्हटले जाते. ऐनने लिहिले तर तो 'ल-अ-ब' धातूचा शब्द ठरतो, म्हणजे खेळणारी. यात वाईट काही नाही, पण परी कोठून आली हे विचारायला हवे. 'अलीशबा' अरबी नसून हिब्रू आहे. बायबलमध्ये हारून यांच्या पत्नीचे हे नाव आहे आणि एलिझाबेथ हे नाव त्यापासूनच आले. 'झोया' ग्रीक, अर्थ जीवन. 'हूरैन' हे कुराणातील 'हूरुन ईन' या दोन शब्दांना एकत्र दाबून तयार केलेले दिसते. अशी जोडनावे मला व्यक्तिशः आवडत नाहीत. शब्द कुराणात आहे एवढ्यावरून तो नावासाठी योग्य ठरत नाही, कारण कुराणात इब्लीस म्हणजे सैतानही आहे आणि फिरऔनही.

मात्र अर्थ म्हणजे केवळ शब्दकोशातला अर्थ, असेही समजू नये. येथे लोक दुसऱ्या टोकाला जातात. हजरत उस्मान यांच्या नावाचा एक कोशातील अर्थ माळढोक जातीच्या पक्ष्याचे पिल्लू असा आहे. म्हणून कोणी उस्मान नाव टाकून दिले नाही. फातिमा या शब्दाचा मूळ संबंध बाळाचे दूध तोडण्याशी आहे, आयेशा म्हणजे जिवंत, जगणारी. या नावांना वजन आले ते ती धारण करणाऱ्यांच्या चारित्र्याने. त्याचबरोबर फार मोठेपणा सांगणारी नावेही प्रेषितांना पसंत नव्हती. हजरत जैनब यांचे आधीचे नाव 'बर्रा', म्हणजे पुण्यशील, असे होते. त्यात स्वतःच स्वतःची थोरवी सांगितल्यासारखे होते म्हणून ते बदलले गेले. राजांचा राजा या अर्थाचे नाव तर सर्वांत निषिद्ध सांगितले आहे. आपल्या भागात 'शहेनशाह' हे नाव मोठ्या हौसेने ठेवतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

राहिली सातव्या दिवसाची गोष्ट. अकिका, केस काढणे आणि नाव ठेवणे सातव्या दिवशी करावे असे हदीसमध्ये आहे, आणि मुलीसाठी एक बकरा पुरतो. पण प्रेषितांनी आपल्या मुलाचे, इब्राहिमचे, नाव जन्म झाला त्या रात्रीच ठेवले होते. त्यामुळे दिवसाची घाई म्हणून चुकीचे नाव उरकून टाकण्याचे काही कारण नाही.

लक्ष्मीपुरीची वाचक

अभिनंदन. सरांनी अक्षरांचे सांगितले ते योग्यच आहे. मी कानांचे सांगते. नाव लिहिले जाते त्याच्या कितीतरी पट अधिक हाका मारण्यासाठी वापरले जाते, आणि हाका मारणारे निम्म्याहून अधिक लोक आपल्याकडे मराठी बोलणारे असतात.

माझ्या नात्यातील एका मुलीचे नाव निदा आहे. अर्थ सुरेख आहे, 'साद', 'पुकार'. पण हजेरी घेताना तिच्या बाई कित्येक महिने 'निंदा' म्हणत राहिल्या आणि वर्गात तेच नाव रूढ झाले. बाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या कानाला जो शब्द परिचित होता तो त्यांनी उच्चारला, इतकेच. म्हणून आपण मनात धरलेले प्रत्येक नाव शेजारच्या काकूंना एकदा मोठ्याने म्हणायला सांगावे. ही चाचणी फुकट आहे आणि कोणत्याही संकेतस्थळापेक्षा खात्रीची आहे.

'मरवा' या नावाच्या बाबतीत आपल्या पत्नीची निवड मला मनापासून आवडली. सफा आणि मरवा या अल्लाहच्या निशाण्या आहेत असे सूरह बकरामध्ये, १५८व्या आयतीत, स्पष्ट म्हटले आहे. त्याशिवाय मराठी बाईला मरवा म्हटले की महाद्वार रोडवर गजऱ्यात अबोलीसोबत ओवलेली ती सुवासिक हिरवी काडी आठवते. अरबीत एक अर्थ, मराठीत दुसरा, आणि दोन्ही चांगले, असा योग क्वचित येतो. फक्त एक सांगायला हवे. हिंदी बोलणाऱ्या मुलांमध्ये हा शब्द थट्टेचा होऊ शकतो, आणि मुलगी पुढे शिकायला पुण्या-मुंबईला किंवा आणखी लांब गेली तर ते तिच्या वाट्याला येईल. त्या थट्टेला किती महत्त्व द्यायचे ते आपण ठरवावे. मी असते तर थोडा विचार केला असता.

आता 'जैतून'विषयी. घरातील तरुण मंडळी हसतात हे वाचून मला वाईट वाटले, कारण फुफींनी आणलेल्या यादीतील एकाही नावाला नाही इतका भक्कम आधार या नावाला आहे. सूरह तीनची सुरुवातच अंजीर आणि जैतून यांच्या शपथेने होते. सूरह नूरमधील प्रकाशाच्या आयतीत, म्हणजे ३५व्या आयतीत, दिव्याला तेल पुरवणारे जे मुबारक झाड सांगितले आहे ते जैतूनचेच आहे. आपल्या आज्या-पणज्यांची नावे, जैतूनबी, खातूनबी, हलीमा, रहिमतबी, आपल्याला खेडवळ वाटतात ती त्या नावांत काही उणे आहे म्हणून वाटत नाहीत. ती नावे आपण चुलीपुढे बसलेल्या, कपाळापर्यंत पदर ओढलेल्या बायकांची म्हणूनच ऐकलेली असतात, त्यामुळे तसे वाटते. हलीमा तर प्रेषितांना दूध पाजणाऱ्या दाईंचे नाव. परदेशात हीच नावे आज लोक आवडीने ठेवत आहेत, आणि तेथून ती 'मॉडर्न' होऊन परत आली की आपणही ठेवू.

शाहूपुरी तिसरी गल्ली

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. अरबीचा एवढा आग्रह कशासाठी? परवीन म्हणजे कृत्तिकांचा तारकापुंज, नर्गिस हे फूल, शबनम म्हणजे दव, खुर्शीद म्हणजे सूर्य, दिलशाद म्हणजे प्रसन्न मनाची. ही सगळी फारसी नावे आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि कोणत्याही मौलवींनी त्यांना हरकत घेतल्याचे मी ऐकलेले नाही. सलमान हे सहाबी, म्हणजे प्रेषितांचे सोबती, तर स्वतः पर्शियाचे होते. अर्थ वाईट नसावा आणि अल्लाहखेरीज कोणाचे दास्य त्यात नसावे, एवढी अट पुरेशी आहे.

आणि कोल्हापूरच्या पद्धतीचेही भान ठेवावे. आपल्याकडे बाबासो, आप्पासो, हुसेनसो, मीरासो अशी नावे पूर्वीपासून आहेत. त्यांतले 'सो' हे साहेबाचे आपल्या मातीतले रूप, आणि मीरासो हे मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या नवसाचे. नवसाचे नाव धर्माला धरून आहे की नाही हा वाद मी येथे काढत नाही. सांगायचे इतकेच की आपल्या पूर्वजांनी नाव ठेवताना गावाकडेही पाहिले होते, अन्‌ त्याने ते कमी मुसलमान झाले नाहीत.

घरातले नाव आणि कागदावरचे नाव वेगळे असले तरी बिघडत नाही, याचा दाखला तर आपल्या शहरातच आहे. कोल्हापूर दरबारचे गायक उस्ताद अल्लादिया खाँसाहेब यांचे नाव म्हणजे सरळ 'अल्लाने दिलेला'. त्यांच्या मुलांची नावे बद्रुद्दीन आणि शम्सुद्दीन, म्हणजे धर्माचा पूर्णचंद्र आणि धर्माचा सूर्य. पण गाणे ऐकणारे सगळे त्यांना मंजी खाँ आणि भुर्जी खाँ म्हणूनच ओळखतात. वाद मिटत नसेल तर दोघींची दोन नावे ठेवावीत.

राजारामपुरीचा दाखलेवाला

माझे रोजचे काम लोकांचे अर्ज भरून देण्याचे असल्यामुळे मी फक्त कागदाचे बोलतो.

जन्माची खबर २१ दिवसांच्या आत नोंदवावी लागते. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर ती खबर दवाखाना देतो. त्या वेळी नाव ठरलेले नसले तरी नोंद अडत नाही. नावाशिवाय नोंद करून पुढे १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळे दवाखान्यातील फॉर्मवर घाईघाईने काहीतरी नाव लिहून देऊ नये. तो रकाना सरळ मोकळा सोडावा. एकदा नाव नोंदले गेले की लेखनातली चूक दुरुस्त करणे आणि नाव बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी होतात. पुढे नाव बदलायचे म्हणजे राजपत्रापर्यंत जावे लागते.

पूर्वी जन्मदाखला चुकला तरी शाळेच्या दाखल्यावर निभावून जायचे. आता तसे राहिलेले नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी अशा कामांना जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. म्हणजे त्यावर जे लिहिले जाईल तेच मुलीला आयुष्यभर पुरवावे लागेल.

दुसरी गोष्ट नावाच्या क्रमाची. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम शासनाने ठरवून दिला आहे. आपल्याकडील दोन शब्दांच्या नावांची येथे पंचाईत होते. 'मुहम्मद अयान' असे मुलाचे नाव असेल तर बाळाच्या नावाच्या रकान्यात दोन्ही शब्द एकत्र लिहिले गेले आहेत ना, हे स्वतः पडद्यावर पाहावे. नाहीतर मुलाचे नाव नुसते मुहम्मद होऊन बसते आणि अयान कोणा वडीलधाऱ्याचे असावे असे पुढचा कारकून समजतो. त्यातच आपल्याकडे महंमद, मोहम्मद, मुहम्मद असे लिहिण्याचे तीन प्रकार चालतात. एकाच घरातील बापाचे एक, मुलाचे दुसरे आणि आजोबांच्या सातबाऱ्यावर तिसरे, अशी फाईल माझ्याकडे नेहमी येते.

मुलींच्या बाबतीत हा घोळ 'बी', 'बानू', 'बेगम', 'खातून' यांच्यामुळे होतो. रेशनकार्डावर जैतूनबी, आधारवर जैतून बी, बँकेत नुसते जैतून, आणि तिघीही एकच बाई! तेव्हा यांतले काही लावायचे असेल तर ते पहिल्या दिवसापासून लावावे, आणि लावायचे नसेल तर कोठेच लावू नये. माझे ऐकाल तर लावू नये. देवनागरीतील आणि इंग्रजीतील लेखन घरातच कागदावर लिहून दोघांनी सही केल्यासारखे पक्के करावे, आणि मगच अर्ज भरावा. अर्ज भरणारा जे ऐकू येईल ते टाइप करतो. हे मी माझ्याच धंद्याबद्दल सांगतो आहे, तेव्हा विश्वास ठेवावा.

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री जेवणानंतर ही सगळी उत्तरे मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. सूरह तीनचा उल्लेख आला तेव्हा अम्मीने 'ही सूरह तर मी रोज नमाजात पढते' एवढेच म्हटले, आणि पुढे कोणी हसले नाही. फुफीची यादी बाद झाली असली तरी तिचे समाधान व्हावे म्हणून अकिक्याच्या दिवशी बाळाच्या कानात नाव तीच सांगणार आहे.

पत्नीने जैतून या नावाला होकार दिला आहे, परंतु तिची एक अट आहे: घरात बाळाला मरवाच म्हणायचे आणि कोणी त्यावर कुरकुर करायची नाही. शाहूपुरीच्या भाऊंनी सुचवलेला तोडगा त्यामुळे जसाच्या तसा उपयोगी पडला. 'बी' लावायचे नाही यावरही एकमत झाले आहे. आता एकच शंका उरली आहे. मूळ उच्चार 'ज़' असा आहे, तर देवनागरीत जैतून लिहावे की झैतून? आणि इंग्रजीत कसे लिहावे?

निवृत्त उर्दू शिक्षक (कागल)

निर्णय ऐकून आनंद झाला. मूळ अक्षर ज़े आहे हे खरे. मराठीत त्यासाठी पुष्कळदा 'झ' लिहितात. झाकीर, रझिया, अझीझ ही नावे तशीच लिहिली जातात. तरीही मी 'जैतून' हेच सुचवीन. एक तर आपल्या दादींच्या जुन्या कागदांवर बहुधा तेच असेल, आणि कोल्हापुरात सगळे तेच म्हणतात. दुसरे असे की शब्दाच्या शेवटच्या अक्षराआधीचा उकार दीर्घ लिहिण्याची मराठीची जी सवय आहे ती येथे मूळ अरबी उच्चाराशीही जुळते, त्यामुळे 'तून' कोणी ऱ्हस्व करण्याचा प्रश्न नाही. हामिदचे जसे मराठीत हामीद होते आणि आमिरचे आमीर, तसला बदल या नावात होणार नाही.

इंग्रजीत पहिले अक्षर झेड घ्यावे, जे घेऊ नये, कारण पारपत्रावर पुढे परदेशातील लोक तेच वाचणार आहेत. पुढची अक्षरे ए, आय, टी, यू, एन. 'यू'च्या जागी दोन 'ओ' लिहिणारे पुष्कळ आहेत; दोन्ही चालते, पण जन्मदाखल्यावर जे जाईल तेच आधारवर गेले पाहिजे.

शुक्रवारी नाव जाहीर करताना इमामसाहेबांच्या हातात ज़े, ये, ते, वाव, नून ही पाच अक्षरे लिहिलेली चिठ्ठी द्यावी, आणि तीच चिठ्ठी नंतर जन्मदाखल्याच्या कागदांसोबत जपून ठेवावी.